गिअरात पाणी कसं आणावं

धाराशिव जिल्ह्यात पाणी आणतो म्हणणारे पुष्कळ झाले. कृष्णेचं पाणी मराठवाड्यात येणार, हे ऐकता ऐकता एका पिढीचे केस पांढरे झाले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी सुटली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती आमच्याच स्टेशनावरून पुढं लातूरला गेली आणि आमच्या वाट्याला रुळांचा खडखडाट आला. तेव्हा पाणी आणण्याच्या बाबतीत आम्हाला कुणी शिकवू नये. आता आम्हीच शिकवतो.

ही मार्गदर्शिका नवशिक्या बोटमालकांसाठी आहे. खालच्या पायऱ्या नेमानं पाळल्यात तर तीन हंगामांच्या आत तुमच्याकडे पाणी येईल. सर्वेक्षण नको, मंजुरी नको, भूसंपादन नको. फक्त ते बोटीच्या गिअरमध्ये येईल. पण येईल.

1. बोट घ्या.

ज्या वर्षी माकणीचं निम्न तेरणा धरण भरतं, त्या वर्षी बोट घेण्याची साथ येते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोटिंग करून आलेला मेहुणा तुम्हाला आकडे सांगेल. माणशी इतके, फेरीला इतकी माणसं, दिवसाला इतक्या फेऱ्या. हा हिशेब कागदावरच करा, कारण कागदावर धरण कायम भरलेलं असतं. मन कचरू लागलं तर तेवढं तेर आठवू नका. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाच्या टिपणात नोंदवलंय की, तगरचं कापड गाड्यांत घालून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर येतं. तेरणेच्या काठी राहून, समुद्रापारचा व्यापार करून त्या माणसांनी बैलगाडीवर भागवलं. एवढं शहाणपण आपल्याला परवडणारं नाही.

2. स्टर्नड्राईव्हचीच घ्या.

धरणांवर दिसतात त्या बहुतेक बोटींना मागं आऊटबोर्ड टांगलेलं असतं. इंजिन, दांडा, पंखा, सगळा प्रपंच एकाच खांबावर. लहानसं असेल तर ते खोलून मोटारसायकलवर आडवं घालून तालुक्याला नेता येतं. ही सोय टाळा. स्टर्नड्राईव्हचं इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि पाय बाहेर पाण्यात. 1959 साली स्वीडनच्या व्होल्वो पेंटानं न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात हे प्रकरण बाजारात आणलं. इंजिनचा दांडा आडवा बाहेर येतो, शंकूच्या गिअरांवर काटकोनात खाली वळतो आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंखा फिरवतो. ही दोन वळणं म्हणजे पोलादाचे दात पोलादावर. मध्ये असतो तो फक्त तेलाचा पापुद्रा. सगळ्या पायात मिळून तेल किती, तर मॉडेलप्रमाणं दोन-अडीच लिटर. बोटीला लाखांनी पैसे मोजणारा माणूस या दोन लिटरांकडे सहसा बघत नाही. आपल्या योजनेचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे.

(तुमच्याकडे आऊटबोर्डच असेल तर निराश होऊ नका. त्याच्याही पायात तेल असतं, थोडं कमी. पाणी तिथंही आणता येतं.)

3. तेल मेस्तरीला विचारून टाका.

बोटीबरोबर एक पुस्तक येतं. त्यात कुठलं मरीन गिअर ऑईल घालायचं ते लिहिलेलं असतं. हे पुस्तक देव्हाऱ्यात ठेवा आणि ट्रॅक्टरच्या मेस्तरीकडे जा. तो म्हणेल, “गिअर हाय ना? मग नव्वद नंबर टाका की. गिअरला दुसरं काय टाकत असतेत?”

मेस्तरी अगदीच चुकीचा नाही. जाडीला ते तेल जवळपास तसंच असतं. पण बोटीच्या तेलात अशी द्रव्यं घातलेली असतात की, चमचाभर पाणी शिरलं तरी दातांवरचा पापुद्रा टिकावा आणि बेअरिंगला लगेच गंज धरू नये. ट्रॅक्टरच्या तेलाला हे शिकवलेलं नसतं, कारण ट्रॅक्टरचं डिफ्रेन्शियल धरणात तासन्‌तास बुडून राहत नाही. आपल्याला पाणी आणायचंय, तेव्हा नव्वद नंबरच टाका. गेल्या वर्षीच्या डब्यात तळाला राहिलेलं असेल तर तेही त्यात ढकला. शेतकऱ्याच्या घरात तेल वाया जात नाही.

4. बाटलीकडे बघा आणि गैरसमज करून घ्या.

काही बोटींत इंजिनशेजारी तेलाची एक पारदर्शक बाटली असते. ती पायातल्या तेलाला जोडलेली असते. इंजिन थंड असताना तिच्यावरची रेघ बघायची, कारण गरम तेल फुगतं आणि खोटं बोलतं. रेघेच्या खाली गेलं तर तेल कुठून तरी गळतंय. रेघेच्या वर चढलं तर पाणी आत येतंय.

इथं आपल्या भागातल्या माणसाची पंचाईत होते, हे मी समजू शकतो. पातळी वाढली की पेढे वाटायचे, हे आपल्या रक्तात आहे. धरणात वाढली, विहिरीत वाढली, शेततळ्यात वाढली. मग बाटलीत वाढली तर तोंड पाडायचं का? मुळीच नाही. वाटा पेढे.

पातळी खाली गेली तर वर ओता. पुन्हा गेली, पुन्हा ओता. तेल जातं कुठं, हे विचारत बसू नका. पाचशे फुटांवर बोअरला पाणी लागलं नाही म्हणून आपण काय केलं? आणखी दोनशे फूट घेतले. भूजलाचं काय झालं, असं कुणी विचारलं का? तेच धोरण इथं. ओतत राहिल्याचा दुसरा फायदा असा, की ज्या फटीतून तेल बाहेर पडतं, तिथूनच पुढं पाणी आत येतं. वाट तयार होऊ द्या. पातळी खाली गेल्यावर किरकिरणारा भोंगा असेल तर त्याची वायर काढून ठेवा. गिऱ्हाईक घाबरतं.

5. रंगाची परीक्षा टपरीवर शिका.

कोऱ्या चहासारखं, आरपार दिसणारं तेल म्हणजे सगळं ठीक. त्यात दूध घातल्यासारखं दिसू लागलं की समजावं, पाणी आलंय. आणि कुंथलगिरीच्या पेढ्याचा रंग आला असेल तर पाणी येऊन बरेच दिवस झालेत, घरकुल मंजूर करून घेतलंय. तेल काळं आणि जळका वास असेल तर ते तापून तापून मेलेलं आहे. हे वाळवीसाठी कुंपणाच्या डांबांना चोपडायला उत्तम. त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

एक मोह मात्र कटाक्षानं टाळा. बोट रात्रभर उभी राहिली की मोकळं पाणी जड म्हणून पायाच्या तळाशी जाऊन बसतं. सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल केला तर तेलाच्या आधी पाण्याचे थेंब येतात. दोन मिनिटांचं काम, पैसा लागत नाही, आणि पुढच्या वर्षीचं नुकसान आजच दिसतं. असलं काही करून घरातली शांतता घालवू नका.

त्या स्क्रूच्या टोकाला बऱ्याचदा चुंबक असतं. त्याला राखाडी, बारीक लेप लागला तर ती गिअरांची रोजची झीज समजा. लोखंडाच्या कुसळांसारखे तुकडे निघाले तर ते दात आहेत. लेकराचा पहिला दात पडल्यावर आपण घराच्या कौलावर टाकतो. हेही टाका.

6. तेल बदलण्याचा घाट घालायचाच असेल तर उलटा घाला.

नळदुर्ग ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लवकर कळेल. बोरी नदीवरच्या त्या बंधाऱ्याच्या दोन धारांना नर आणि मादी म्हणतात. बोटीच्या पायालाही दोनच भोकं. वरचा नर, खालची मादी, असं धरून चला.

रीत अशी आहे. पाय सरळ उभा करायचा, खाली भांडं ठेवायचं, आधी मादी उघडायची आणि मग नर. वरून हवा शिरली की तेल धारेनं खाली येतं. सगळं निथळलं की हातपंपाची नळी खालच्या भोकाला लावायची आणि खालून वर तेल चढवायचं. वरच्या भोकातून आधी बुडबुडे येतात, मग बुडबुड्याविना तेल वाहू लागतं. नर वाहिला की थांबायचं, वरचा स्क्रू आधी बसवायचा, मगच खालची नळी काढून तिथला स्क्रू झटदिशी लावायचा. वर बंद असल्यामुळं खालून तेल पटकन सांडत नाही. सरबतात बुडवलेल्या नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की सरबत जसं नळीतच अडकतं, तसं.

आता आपली रीत. फक्त खालचा स्क्रू काढा. तेल गुळण्या टाकल्यासारखं थोडं थोडं येईल, निम्मं आतच राहील. कंटाळा आला की “झालं रिकामं” म्हणा. मग वरच्या भोकात नरसाळं लावून वरून ओता, जगात कुठल्याही यंत्रात वरूनच ओततात. आत हवा कोंडेल, तेल तोंडाशी दिसेल, तुम्हाला भरल्यासारखं वाटेल आणि वरचे गिअर पहिल्याच फेरीत कोरडे ठणठणीत फिरतील. टंचाई आराखड्यात गाव टँकरमुक्त दिसावं आणि गावात हंडे वाजावेत, तसंच हे.

हे सगळं करत असताना आबा येऊन उभे राहतातच. “लेकरा, माणसं पाण्यासाठी आभाळात बघतेत. तू बुडाला काय बघायलास?” आबांना उत्तर देऊ नका. ते 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेले आहेत, त्यांच्याशी वाद घालण्याइतकी आपली तब्येत नाही.

7. वायसर जुनंच वापरा.

प्रत्येक स्क्रूखाली एक बारीक वायसर असतं. ते दर वेळी नवं घालायचं, असं पुस्तक म्हणतं. त्याची किंमत चहाच्या आसपास. पण धाराशिवात मिळत नाही, सोलापुरात मिळत नाही, पुण्याहून मागवलं तर कुरिअर वायसरच्या कितीतरी पट. हा खर्च वाचवा. जुनंच दाबून बसवा, वर साबणाची वडी चोळा. ट्रॅक्टरची डिझेलची टाकी गळायची थांबते, तर ही काय लागून गेली? तरी पाझरलंच तर पान्यावर पाय देऊन आवळा. पायाचं घर ॲल्युमिनियमचं आहे, आटे मऊ आहेत, दोन आवळण्यांत जातील. मग कधीच घट्ट बसणार नाही आणि तुमची चिंता कायमची मिटेल.

8. जाळ्यातून सरळ जा.

या पायरीवर थोडं थांबतो, कारण पाणी आणण्याचा हा राजमार्ग आहे.

पंख्याचा दांडा पायातून बाहेर येतो तिथं रबराचं सील असतं. आत तेल, बाहेर धरण, मध्ये रबराची एक ओठासारखी कड. याहून मोठं सील जगात एकच, आणि ते आपल्या जिल्ह्यात आहे. नळदुर्गचा पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमाराला बांधलेला. बंधाऱ्याच्या पोटात महाल. पाणी डोक्यावरून कोसळतं आणि आत उभा असलेला माणूस कोरडा. चारशे वर्षं होऊन गेली. त्या गवंड्यांना बोटीचं सील दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, “हे किती दिवसांसाठी?”

धरणात मासेमारीची नायलॉनची जाळी असतात. तुटका दोरा पाण्यात तरंगत असतो. तो पंख्यात गेला की दांड्याला गुंडाळतो, पंख्याच्या मागं सरकतो, घर्षणानं तापतो आणि सीलची कड कापतो. बाहेरून काही दिसत नाही. बोट पळते, पोरं किंचाळतात, सेल्फी निघतात. खाली दोऱ्याएवढ्या फटीतून तेरणा आत येत असते.

यावर उपाय म्हणजे अधूनमधून पंखा काढायचा आणि मागं दोरा आहे का बघायचं. एक नट, अर्धा तास. तुम्ही हे करू नका. जाळ्याचे तरंगते डबे दिसले की वेग वाढवा. मासेमार काका काठावरून शिव्या देतील. त्यांचं जाळं हजारोंचं होतं, तेव्हा त्यांची माफी मागा आणि भरपाईही द्या. सीलनं शिवी दिलेली नसते, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

दुष्काळात धरणाच्या तळात वेडी बाभूळ माजते आणि धरण भरलं की ती पाण्याखाली उभी राहते. तिची खोडं पंख्याला लागली तर दांडा वाकतो आणि मग सील कापायला दोऱ्याचीही गरज उरत नाही. निसर्ग असा हातभार लावतो.

9. अकरा महिने अंगणात ठेवा.

थंड देशांत हिवाळ्यापूर्वी तेल बदलतात, कारण आत शिरलेलं पाणी गोठलं की फुगून पायाचं घर फोडतं. आपल्याकडे गोठत नाही, म्हणून तो नियम आपल्याला लागू नाही, असं जाहीर करा. आत राहिलेलं पाणी मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत निवांत बसून बेअरिंगला गंज चढवतं, पण तो आवाज न करता चढवतं. वरून उन्हानं भाता तडकतो. भाता म्हणजे इंजिन आणि पाय यांच्यामधल्या सांध्यावरची रबराची घडीदार नळी. ती फाटली की पाणी सांध्यातही जातं आणि बोटीतही. म्हणजे एका दगडात दोन तळी.

बोटीवर ताडपत्री घालू नका, ती सोयाबीनच्या गंजीसाठी लागते. सावलीला उस्मानाबादी शेळ्या बसतील. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं बदललेलं नाही, आणि तिची भूकही. भात्याचं रबर ती चावून बघेल. बघू द्या.

तेल बदलण्याचा नियम साधारण असा की शंभर तास चालवल्यावर किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. आपल्याकडे वर्ष येतं, तास येतच नाहीत. माझ्या बोटीच्या घड्याळात तीन वर्षांत सात तास झाले होते. त्यावरून मी काढलेला निष्कर्ष असा, की तेल अजून त्र्याण्णव तास नवं आहे. तुम्हीही हाच काढा.

10. मधूनच चालू करून बघा.

दसऱ्याला सगळ्या अवजारांना हार घालतात, तेव्हा बोटीलाही घाला आणि पाहुण्यांसमोर इंजिन चालू करा. इथं एक छोटी अडचण आहे. पायातून पाणी ओढून हे इंजिन थंड राहतं. कोरडं फिरवलं तर पंपातला रबरी पंखा बघता बघता करपतो. म्हणून पायाच्या दोन्ही बाजूंना, कानाला लावतात तशा, रबरी वाट्या बसवून नळानं पाणी सोडायचं असतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही पहाटे. तेव्हा टँकर मागवा. भर टंचाईत बोटीला पाणी पाजायला टँकर आला, ही बातमी गावभर होईल आणि तुमच्या धंद्याची जाहिरात फुकट होईल. टँकर परवडत नसेल तर कोरडंच फिरवा. “दोनच मिनिटं” म्हणून फिरवा.

मग एखाद्या वर्षी 2025 चा सप्टेंबर येतो. परंडा, भूम भागात सीना अशी फुगली की माणसं काढायला बोटी आणाव्या लागल्या, हेलिकॉप्टरं आणावी लागली. माझी बोट अंगणात होती. बॅटरी बसवली, इंजिन पहिल्याच चावीला धडधडलं. चारजण ट्रॉली ओढायला धावले. गिअरचा दांडा पुढं टाकला आणि खालून कुणीतरी खडी चावतंय असा आवाज आला. पंखा अर्धा फेरा फिरून थांबला. या प्रसंगाबद्दल इथं अधिक लिहीत नाही. मार्गदर्शिकेत लेखकाचं खासगी येऊ नये.

11. पाणी मोजून घ्या.

आता पाय उघडायची वेळ झाली. मेस्तरीला बोलवा. तो एरवी ट्रॅक्टरचा, पण आता त्याला तुमच्याबद्दल आस्था वाटू लागलेली असते. भांडं विसरा. तो खालच्या स्क्रूला पाना लावील. आटे गेलेले असल्यामुळं स्क्रू पान्याला न जुमानता जागेवरच फिरेल. मग चिमट्यानं ओढून काढावा लागेल. आधी काहीच येणार नाही. मग एक थेंब, मग दुसरा, मग बारीकशी धार, स्वच्छ, तेलाचा मागमूस नसलेली. तेल अजून वर आहे, पेढ्याच्या रंगाचं, त्याला सावकाश यायचंय.

“पाणी लागलं!” मेस्तरी ओरडेल. सवयच आहे त्याची, बोअरच्या गाडीवर होता पूर्वी.

आबा काठी टेकत येतील, वाकून बघतील आणि विचारतील, “किती इंची हाय?”

तुम्ही काही बोलायच्या आत शेजारच्या काकू मागच्या दारानं येतील आणि त्या धारेखाली कळशी ठेवून जातील.